बिनडोळ्याचा कॅमेरा

विश्वासराव मोहित्यांना कुठलीही वस्तू पहिल्या खेपेला पसंत पडली, असं उभ्या बनशंकरीत कुणी पाहिलेलं नाही.

चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कारखान्यात मापं तपासण्याचं काम केलं. मशीनवरून उतरलेला सुटा भाग त्यांच्या टेबलावर आला, की मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा फरकही त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. कारखान्याचं त्यात भलंच झालं. घराचं काय झालं ते कौशल्याबाईंना विचारावं. मिक्सर घ्यायचा ठरला त्या दिवसापासून तो घरात येईपर्यंत चौदा महिने गेले, आणि चौदाही महिने त्या पाट्यावर चटणी वाटत राहिल्या. दिवाणखान्यातल्या पंख्याने दोन उन्हाळे खाल्ले.

"अहो, मला बघायला हे तीनदा आले होते," कौशल्याबाई शेजारणींना सांगायच्या. कन्नडमध्ये सांगायच्या आणि मराठीतही सांगायच्या, आणि दोन्ही भाषांत तेवढ्याच रंगून. "तिसऱ्या खेपेला आमच्या बाबांनी विचारलं, मुलीत काही खोट दिसली का? तर म्हणाले, नाही, खात्री करून घेत होतो."

विश्वासराव हे ऐकून न ऐकल्यासारखं करत. खात्री करून घेण्यात लाजण्यासारखं काय आहे, हे त्यांना आजवर कळलेलं नव्हतं.

तर अशा माणसाच्या साठीच्या वाढदिवशी, गेल्या फेब्रुवारीत, त्यांची मुलगी रम्या शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बेळ्ळंदूरहून दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून आली आणि तिने एक खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. आत कॅमेरा होता. साधासुधा नव्हे, फुल-फ्रेम. म्हणजे ज्याच्या आतला फोटो टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा असतो, छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर. रम्या लहान असताना त्यांच्याकडे एक फिल्मचा कॅमेरा होता. तिचं रांगणं, पहिला पडलेला दात, शाळेतली नाच-गाणी, सगळं त्यांनी त्यावर टिपलं होतं. पुढे फिल्मचे रोल मिळेनासे झाले, आणि मोबाईलवर फोटो काढणं हे काही त्यांच्या मनाला फोटो काढणं वाटेना. अठरा वर्षं त्यांनी एक फोटो काढला नव्हता.

"लेन्स नाही घेतली मी," रम्या म्हणाली. "तुमच्या आवडीने घ्या, अप्पा. रोज फिरायला जाताना गळ्यात राहील अशी एकच."

कौशल्याबाईंनी लेकीकडे पाहिलं. तू हे काय करून बसलीस, असं ते पाहणं होतं की शिक्षा होती, ते सांगणं कठीण. रम्याच्याही तेव्हाच लक्षात आलं, पण शब्द गेला तो गेलाच.

विश्वासरावांनी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली.

*

प्रश्न वरवर सोपा होता. रोजच्या फिरण्याला एक लेन्स. ती रस्त्यातलं सगळं मावेल इतकी रुंद हवी, लांबचं जवळ आणेल इतकी लांब हवी, अंधारात चालायला हवी आणि मान मोडू नये इतकी हलकीही हवी. या चार गुणांपैकी कुठलेही तीन मिळतात, चौथा मिळत नाही. लेन्सचा आकडा जेवढा लहान तेवढं जास्त मावतं, जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं. चोवीस ते सत्तर मिलिमीटरची एक होती, प्रकाश भरपूर घेणारी, पण वजनाने वरवंटा. चोवीस ते एकशेपाचची होती, पल्ला मोठा, पण प्रकाश निम्माच घेणारी. अठ्ठावीस ते दोनशेची होती, ती लांबचं खेचून आणायची पण संध्याकाळ झाली की आंधळी व्हायची. आणि चाळीसची एक इवलीशी होती, जिला पुढेमागे करताच येत नाही, स्वतःच चालत जावं लागतं.

मार्च आणि एप्रिल त्यांनी या विषयावरचे व्हिडिओ बघण्यात घालवले. परदेशातला एक दाढीवाला गृहस्थ प्रत्येक लेन्सने एकाच विटांच्या भिंतीचा फोटो काढायचा आणि मग त्या भिंतीचे चारही कोपरे मोठे करून दाखवायचा. कोपऱ्यातली वीट पुसट दिसली, की विश्वासराव हळहळायचे.

"तुम्हाला भिंतींचे फोटो काढायचेत का?" कौशल्याबाईंनी एकदा चहा ठेवताना विचारलं.

"कोपरे महत्त्वाचे असतात."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

जूनमध्ये त्यांनी चोवीस-एकशेपाचवर लाल शाईने तीन रेघा मारल्या. एकशेपाचला तिचे कोपरे मऊ येतात, असं दाढीवाल्याचं म्हणणं होतं. राहिल्या तीन. कॅमेऱ्यासकट त्यांचं वजन गळ्यात कसं वाटतं ते कळावं म्हणून त्यांनी एक कापडी पिशवी शिवून घेतली, तीत दीड किलो तूरडाळ भरली, पट्टा लावला आणि ती गळ्यात अडकवून सकाळच्या फेरीला निघाले. दुसऱ्या आठवड्यात सव्वा किलो. बागेत रोज भेटणारे त्यांचे मित्र, निवृत्त हेडमास्तर रघुनंदनराव, यांनी पहिल्या दिवशी काळजीने विचारलं, "मानेला काही झालंय का? डॉक्टरांनी सांगितलंय?" खरं कारण कळल्यावर मात्र त्यांनी ते बागेतल्या एकूण एक माणसाला सांगितलं. घरी ती डाळ फिरून आल्याशिवाय कौशल्याबाईंना वरणाला मिळत नसे.

एवढ्याने भागलं असतं. पण कुठल्या लेन्समधून किती दिसतं, हे वाचून त्यांचं समाधान होईना. मग त्यांच्यातला कारखान्यातला जुना माणूस जागा झाला. त्यांनी पुठ्ठ्यात एक आयताकृती खिडकी कापली, कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या बरोबर तिप्पट. तिला दोरी लावली आणि दोरीला पाच गाठी मारल्या. पुठ्ठा पहिल्या गाठीवर धरला की चोवीसच्या लेन्समधून दिसेल तेवढं दिसायचं, मग पस्तीस, पन्नास, सत्तर, आणि शेवटच्या गाठीवर एकशेपाच. ती शेवटची लेन्स बाद झाली होती, पण गाठ असू दे म्हणाले. दोरीचं टोक आधी दातांत धरून पाहिलं. दात आणि डोळा यांच्यातल्या अंतराने माप चुकतंय हे लक्षात आल्यावर ते त्यांनी चष्म्याच्या दांडीला बांधलं.

आता चित्र असं झालं: गळ्यात डाळीची पिशवी, चष्म्याला दोरी, डाव्या हातात पुठ्ठा, खिशात वही. जे दृश्य टिपावंसं वाटेल त्याच्यासमोर उभं राहायचं, पुठ्ठा पुढेमागे करून योग्य गाठ शोधायची आणि वहीत नोंद करायची. पंचांग बघावं तसं त्यांनी हे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असं नेमाने केलं. गणपती आले आणि गेले. कॅमेरा कौशल्याबाईंच्या कपाटात, जरीच्या साड्यांच्या शेजारी, डोळा नसलेल्या माणसासारखा पडून होता.

*

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली, महानंदा फुलं विकायची. निपाणीकडची बाई, पंधरा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इकडे आलेली. तिच्याजवळ पोत्यावर तिची सासू कस्तुराबाई बसलेली असायची. वय ऐंशीच्या घरात. तिला दिसायचं कमी, पण बोटं दिवसभर गजरे गुंफत असायची.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी विश्वासराव या झाडासमोर उभे राहिले. झाड, फुलांची टोपली, म्हातारी, मागे दुकानाचं रंगीत शटर. दृश्य मोठं छान जमलं होतं. त्यांनी पुठ्ठा दुसऱ्या गाठीवर आणला, एक डोळा मिटला आणि वहीत लिहिलं. मग दोन पावलं मागे सरून पुन्हा पाहिलं.

महानंदा तीन महिने हे बघत होती. आज तिच्याने राहवलं नाही.

"सायेब, माझ्या जागेचं कितीवर धरलंय तुम्ही?"

विश्वासराव आपल्याच नादात होते. "पस्तीस," ते म्हणाले.

"पस्तीस?" तिने शटरापासून रस्त्यापर्यंत नजरेने मोजलं. "आणि शहाळीवाल्याचं?"

विश्वासरावांना ह्या बाईला विषयाची गोडी आहे हे पाहून बरं वाटलं. त्यांनी शहाळ्यांच्या गाडीकडे पुठ्ठा वळवला. "त्याला पन्नास लागेल."

"आणि ह्या झाडाचं काय?"

"झाड पूर्ण घ्यायचं तर चोवीसवर जावं लागेल. पण घ्यायलाच हवं," विश्वासराव म्हणाले, आणि तिला स्मित करून पुढे गेले.

गल्लीत रस्ता रुंद होणार ही कुजबुज तशी दर दोन वर्षांनी उठतेच. त्या दिवशी तिला आकडे मिळाले. दुपारी तीनपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की पालिकेचा साहेब डाळीच्या पिशवीत यंत्र लपवून तीन महिने मोजणी करतोय, फुलवालीचे पस्तीस फूट जाणार, शहाळीवाल्याचे पन्नास, आणि झाड तर पूर्ण घेणार म्हणून त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

चार वाजता बेल वाजली. कौशल्याबाईंनी दार उघडलं तर जिन्यावर आठ-दहा माणसं. पुढे महानंदा, तिच्या खांद्याला धरून कस्तुराबाई, मागे शहाळीवाला शंभूराज, आणि या सगळ्यांच्या अग्रभागी रघुनंदनराव. त्यांना सगळा प्रकार पहिल्यापासून ठाऊक होता. पण अशी संधी सोडण्याइतके ते संत नव्हते.

"वहिनी," ते गंभीर चेहरा करून म्हणाले, "सर्वेअर साहेब आहेत का घरात?"

"कोण साहेब?"

"अक्का, तुमचे मालक," महानंदा म्हणाली. "आम्ही गरीब माणसं. पस्तीस फूट घेतलं तर मी टोपली कुठं ठेवू, तुम्हीच सांगा."

कौशल्याबाईंना क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि त्या दाराच्या चौकटीला धरून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. विश्वासराव बाहेर आले. त्यांनी खुलासा केला. फूट नव्हेत, मिलिमीटर. मोजणी नव्हे, लेन्स. कुणाचा विश्वास बसेना. शेवटी शंभूराज म्हणाला, "फोटोसाठी म्हणता, तर मग कॅमेरा दाखवा की."

कौशल्याबाईंनी साड्यांतून कॅमेरा काढून आणला. तो हातोहात फिरला. महानंदाने त्याच्या तोंडावरचं टोपण काढलं आणि आत बोट घालणार, तोच विश्वासराव ओरडले, "बेडा, बेडा! बोट नको!"

"ह्याला डोळाच नाही," महानंदा म्हणाली.

"तोच निवडतोय."

"किती दिवस झालं?"

"आठ महिने," रघुनंदनरावांनी उत्साहाने माहिती पुरवली.

जिना हास्याने दणाणला. महानंदाही हसली, जीव भांड्यात पडल्यावर माणूस हसतं तसं, डोळे पुसत. हसली नाही ती एकटी कस्तुराबाई. तिने विचारलं, "म्हणजे हे बाबा रोज माझ्याकडं बघत होतं, ते फोटू काढायला?"

"हो आजी," विश्वासराव म्हणाले.

"मग काढला नाही का?"

"आणतो लेन्स," ते म्हणाले. "पहिला फोटो तुमचा. शब्द देतो."

*

शब्द दिला खरा. पण शब्द दिल्याने लेन्स निवडली जात नाही. उलट आता जबाबदारी आली. पहिला फोटो आजींचा, म्हणजे तो उत्तम यायला हवा, म्हणजे घाई करून चालणार नाही. दिवाळी गेली. विश्वासराव जयनगरच्या दुकानात अकराव्यांदा जाऊन आले. तिथला विक्रेता आता त्यांना पाहिलं की आपणहून पाणी आणून द्यायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळायचा.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ते झाडापाशी गेले तेव्हा महानंदा एका जुन्या पेटीला दोरी बांधत होती.

"अत्तींना गावाकडं न्यायला दीर येणार आहेत. येत्या रविवारी," ती म्हणाली. सासूला 'अत्ती' म्हणणं तिला इथे राहून लागलं होतं. "आता त्यांच्याने इथं बसवत नाही अण्णा. गुडघे गेले, नजर गेली. कायमच्याच जाणार."

कस्तुराबाई पोत्यावर गजरा गुंफत होत्या. आवाज ओळखून त्या म्हणाल्या, "डोळा आला का हो तुमचा?"

विश्वासराव घरी आले ते सरळ वही घेऊन बसले. पानं उलटत राहिले. नऊ महिन्यांत प्रथमच त्यांना वाटलं, की आपण खात्री करत नव्हतो, भीत होतो. अठरा वर्षांनी हातात कॅमेरा यायचा आणि फोटो वाईट निघायचा. त्यापेक्षा लेन्सच नसलेली बरी.

कौशल्याबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी वही त्यांच्या हातातून काढून घेतली. कौशल्याबाईंनी कन्नड शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलं होतं. चष्मा लावून त्या पहिल्या पानापासून निघाल्या, आणि कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारू लागल्या, पाचवी रेघ आडवी.

"हे क. कोण?" मध्येच त्यांनी विचारलं.

"कोण क.?"

"'क., गच्चीवर, सांडगे घालताना, पन्नास.' 'क., खिडकीशी, वर्तमानपत्र, पन्नास.' 'क., देवळाच्या पायरीवर, चप्पल घालताना, सत्तर.'"

विश्वासरावांनी पंख्याकडे पाहिलं. "क. म्हणजे... कपडे."

"कपडे सांडगे घालतात?"

कौशल्याबाईंनी मान खाली घातली आणि रेघा मारत राहिल्या. पण बराच वेळ त्यांच्या ओठांचा कोपरा हलत होता, आणि एकदा त्यांनी पदराने चष्मा पुसला. दोनशे बारा नोंदींतल्या सत्तेचाळीस क.च्या होत्या. आपल्या पाठीमागून, चष्म्याला दोरी लावून, ह्या माणसाने आपल्याला सत्तेचाळीस वेळा बघितलं आणि आपल्याला पत्ता नाही.

"ऐका," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज शाळेतला होता. "चोवीसच्या एकोणीस. पस्तीसच्या अठ्ठावन्न. पन्नासच्या एक्याण्णव. सत्तरच्या पस्तीस. एकशेपाचच्या नऊ, त्यांतल्या आठ त्या समोरच्या माडावरच्या घारीच्या. म्हणजे चाळीसचीच ती छोटी तुम्हाला पुरणार नाही. दोनशेची तर तुम्हाला गाठसुद्धा मारावीशी वाटली नाही. मग राहिलं काय?"

"चोवीस-सत्तर. प्रकाश भरपूर घेते."

"घेते ना? ह्या दोनशे बारांत सूर्य मावळल्यानंतरची एक दाखवा."

त्यांनी वही चाळली. एकही नव्हती.

"साडेनऊला घोरायला लागणाऱ्या माणसाला अंधारात बघणारी लेन्स कशाला हवी?" कौशल्याबाईंनी विचारलं. "आणि ती कॅमेऱ्यासकट दीड किलोची. दीड किलो डाळीच्या आठवड्यात तुम्ही रोज रात्री मानेला तेल चोळून घेत होता, मीच चोळत होते. चोवीस-एकशेपाच घ्या. तुमची घारसुद्धा येईल."

"तिचे कोपरे मऊ आहेत. लाल शाईने बाद केलीय मी ती."

"शाई माझ्याकडे हिरवीसुद्धा आहे," कौशल्याबाई म्हणाल्या.

*

नवी मागवायला वेळ नव्हता. शुक्रवारी रम्याने चार ठिकाणी फोन केले. लेन्स भाड्याने मिळतात, पण लग्नाचे मुहूर्त असल्याने गावातल्या सगळ्या चांगल्या लेन्स कुठल्या ना कुठल्या मांडवात होत्या. शेवटी जयनगरमध्ये दिव्यश्री नावाची मुलगी सापडली. ती स्वतः लग्नाचे फोटो काढायची आणि घरूनच कॅमेऱ्याचं सामान भाड्याने द्यायची. शनिवारी सकाळी बाप-लेक तिच्या दारात हजर झाले. तिच्याकडे एकच लेन्स उरली होती. चोवीस-एकशेपाच. बाहेरून रंग उडालेली, कड्यावर एक खोल ओरखडा.

विश्वासरावांनी खिशातून भिंग काढलं. टॉर्च काढला. काचेचा पुढचा भाग पाहिला, मागचा पाहिला, कडं फिरवून कानाशी नेऊन ऐकलं. रम्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लक्ष केंद्रित केलं.

"हा ओरखडा कसला?" त्यांनी विचारलं.

"अंकल, एका मुंजीत भटजींच्या तांब्यावर आपटली," दिव्यश्री हसून म्हणाली. "पण त्यानंतर ऐंशी लग्नं लावलीत हिने. एकाही नवरीने तक्रार केली नाही."

विश्वासरावांनी भिंग खिशात ठेवलं. लेन्स कॅमेऱ्याला लावली तेव्हा खट्ट असा आवाज झाला, आणि तो त्यांना आवडला. बॅटरी चार्ज केलेली होती, आत कार्डही होतं. ते रम्याने सकाळीच गुपचूप केलं होतं. बापाला आणखी एक वस्तू निवडायची संधी देण्याची तिची तयारी नव्हती.

दुपारी चारला ते झाडाखाली गेले. कस्तुराबाईंना सुनेने नवं इरकल नेसवलं होतं. बघ्यांची गर्दी जमली होती आणि रघुनंदनराव तिला मागे सारण्याचं काम करत होते, म्हणजे स्वतः सगळ्यांत पुढे उभे होते.

"फोटूत कुठून कुठवर येणार मी?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगाल तसं."

"पाय आले पाहिजेत," त्या म्हणाल्या. "एकच फोटू हाय माझा, आधार कार्डातला. त्यात नुसतं तोंड. बाकीची मी कुठं गेले?"

विश्वासराव मागे सरले. मागे स्कूटर होती. स्कूटरला टेकून, अंग चोरून, त्यांनी कडं फिरवलं आणि चोवीसवर आले. चौकटीत म्हातारी डोक्यापासून पायांतल्या जोडव्यांपर्यंत मावली, झाडाच्या बुंध्यासकट. त्यांनी बटण दाबलं. खात्रीसाठी पुन्हा दाबलं. मग जवळ जाऊन तोंडाचा काढला. मग सासू-सुनेचा. महानंदाला हसू आवरेना आणि कस्तुराबाई तिला दटावत होत्या, तो सगळ्यांत चांगला आला.

"झालं?" कस्तुराबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पोत्यावर बसून दोरा हातात घेतला. सवयच ती. गर्दी हळूहळू पांगली. म्हातारी आपल्याशीच काही पुटपुटत फुलं ओवू लागली. डोळे भलतीकडेच होते, बोटं मात्र एकही कळी चुकत नव्हती. विश्वासराव स्कूटरपाशी होते तिथेच थांबले. जवळ गेलो तर ती थांबेल, हे त्यांना कळलं. त्यांनी कडं शेवटपर्यंत फिरवलं. फक्त दोन हात, दोरा आणि मोगरा उरला. त्यानंतर त्यांनी किती काढले ते त्यांना आठवत नाही. घरी जाऊन मोजले तेव्हा एकशे अडतीस भरले.

संध्याकाळी रम्याने ते मोठ्या पडद्यावर लावले. विश्वासरावांनी ते एकेक करून सगळे पाहिले. मग खोडच ती, पहिल्या फोटोचा उजवा कोपरा मोठा केला.

"हे बघ. मऊ आहे."

कौशल्याबाईंनी वाकून पाहिलं. कोपऱ्यात गटाराचं झाकण होतं. "झाकण जरा पुसट आलंय," त्या म्हणाल्या. "महानंदाला कळवायचं का?"

रम्या खो खो हसली. मग विश्वासरावही हसले, आणि त्यांनी फोटो परत लहान केला.

रविवारी सकाळी, बस सुटायच्या आधी, त्यांनी हातभर लांबीची प्रत कस्तुराबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाला टेकेल इतकी जवळ नेली, मग लांब धरली. दिसत किती होतं कोण जाणे.

"पाय आलेत?" त्यांनी विचारलं.

"आलेत, आजी."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी फोटो लुगड्याच्या घडीत गुंडाळून पेटीत ठेवला आणि पेटीवर बसून राहिल्या.

*

ती लेन्स विश्वासराव सोमवारी परत द्यायला गेले, आणि दिव्यश्रीशी अर्धा तास बोलून तीच विकत घेऊन आले. ओरखड्यासकट. कौशल्याबाईंनी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली, कारण पुढे कुणाचा विश्वास बसला नसता. पुढच्या महिन्याभरात गल्लीतल्या चौदा फेरीवाल्यांचे ओळखपत्राचे फोटो त्यांनी काढून दिले, शंभूराजचा तीनदा, कारण त्याचे डोळे दर वेळी मिटायचे. क. चे फोटो आता उघडपणे निघतात. त्या कधी तोंड फिरवतात, कधी "स्वल्प थांबा" म्हणून केस सारखे करतात.

जानेवारीत महानंदाने निरोप आणला. अत्तींनी तो फोटो गावात दारासमोरच लावला होता, आणि त्यांच्या वयाच्या बायका तो बघून जायच्या आणि मग घरी जाऊन मुलांशी भांडायच्या. कुणाचाच आख्खा फोटो नव्हता. एकीचा नवऱ्याच्या फोटोत अर्धा खांदा होता, तेवढाच. फोटोवाल्या बाबांना घेऊन ये, असं अत्तींनी बजावलं होतं.

म्हणून संक्रांतीनंतरच्या आठवड्यात विश्वासराव आणि कौशल्याबाई निपाणीच्या बसमध्ये बसले, आणि तिथून जीपने गावात पोचले. सकाळचं कोवळं ऊन घरासमोरच्या अंगणात पडलं होतं. अकरा म्हाताऱ्या ठेवणीतली लुगडी नेसून भिंतीला ओळीने बसल्या होत्या. कौशल्याबाई एकेकीचा पदर सारखा करून देत होत्या. कस्तुराबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि कुणाचा नंबर कितवा ते ठरवत होत्या. त्यावरून ओळीतल्या दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, एक उठून निघूनही गेली आणि पुन्हा येऊन बसली. सगळ्या अकरा जणींचे फोटो होईपर्यंत कस्तुराबाईंनी विश्वासरावांना जेवायला उठू दिलं नाही.